परदेशातून: चार पावलं टाकता येतायत का?

गेल्या रविवारी ताईचा मेसेज आला, सोबत भाच्याच्या पायाचा फोटो, घोटा भरताच्या वांग्यासारखा जांभळा. टर्फवर हेडर मारायला उडाला आणि खाली येताना दुसऱ्याच्या बुटावर पाय पडून आत वळला. मग फॅमिली ग्रुपवर कोल्हापूरचे रात्रीचे बारा वाजेपर्यंत (माझ्याकडं साडेआठ) नुसता धुरळा. आण्णा म्हणतायत हाडवैद्याकडं न्या, एका झटक्यात बसवतोय. भावजी म्हणतायत एमआरआय करून टाकू, आपल्याकडं काय लगेच होतंय. काकू आंबेहळद आणि तुरटीच्या लेपावर ठाम. ताई आपली अस्सल कोल्हापुरी, "मी आत्ता डॉक्टरास्नी फोन लावतो" म्हणून गायब. आणि शेवटी कुणीतरी मला टॅग केलंच, तुमच्या तिकडं काय करतात हो?

तिकडं म्हणजे नेदरलँड्समधलं आइंडहोवन. आणि तिकडं काय करतात हे मला नीट माहितेय कारण मार्चमध्ये माझाच डावा घोटा गेलाय, रविवारच्या फुटबॉलमध्ये, वय वर्षं छत्तीस, पोट थोडं पुढं, खुमखुमी अजून शिवाजी पेठेतली. इथं सुट्टीच्या दिवशी उठून दवाखान्यात जाता येत नाही, आधी फोन करायचा. फोनवरच्या बाईंचा दुसराच प्रश्न, चार पावलं टाकता येतायत का? लंगडत का होईना, येत होती. मित्रानं सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं, डॉक्टरांनी अंगठ्यानं घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मागनं दाबली, करंगळीच्या बाजूचं मधलं हाड दाबलं, आतलं एक दाबलं, आणि म्हणाले एक्स-रे नको, पॅरासिटामोल घ्या, पाय वर ठेवा. झालं, पाच मिनिटं. मी असला चिडलो म्हणून सांगू, अरे एवढा टॅक्स घेताय आणि एक साधा फोटो काढंनात!

नंतर वाचल्यावर कळलं की ते चार पावलं आणि अंगठ्याचं प्रकरण म्हणजे डॉक्टरचा कंजूषपणा नव्हता. 1992 साली कॅनडातल्या ओटावात डॉक्टरांनी नियम बसवलाय, चार पावलं टाकता येत नसतील किंवा त्या ठरलेल्या जागी हाड दाबून दुखत असेल तर एक्स-रे, नाहीतर हाड मोडलेलं असायची शक्यता अगदी कमी. अर्थात पैशाचं पण आहेच. डॉक्टरकडं जायला वेगळं काही पडत नाही, पण हॉस्पिटलात एक्स-रे काढला की वर्षाच्या पहिल्या 385 युरोंपर्यंतचं बिल आपल्याच खिशातनं जातं.

त्यामुळं भावजी आणि माझं दरवेळी जे जुंपतं, की आपल्याकडं तासाभरात सगळं होतंय आणि तिकडं स्पेशालिस्ट भेटायला आठवडे जातात, त्यात मी आता पडत नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीचा घोट्याशी फारसा संबंध नाही. साध्या मुरगळीत पहिल्या आठवड्यात एमआरआय काढून करणार काय, उपचार तेच राहतात. खरी गंमत सूज उतरल्यावर सुरू होते आणि तिथं आपण सगळे झोपतो.

माझंच सांगतो. कॉलेजात असताना हाच पाय मुरगळला होता. एकांकडं नेलं, त्यांनी तेल लावून खसाखसा चोळला, कट्कन ओढला, मी बोंबललो, वर गरम विटेचा शेक. आता कळतंय की पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळणं आणि शेकणं म्हणजे सूज वाढवायचं काम. पण दहाव्या दिवशी दुखायचं थांबलं आणि मी परत मैदानात. तेव्हापासून हा घोटा ढिलाच, फुटपाथच्या कडेला पण दगा द्यायचा.

इथल्या फिजिओ बाईंनी (चिठ्ठी लागत नाही, थेट जाता येतं, पैसे मात्र वेगळ्या घेतलेल्या जादा इन्शुरन्समधनं) पहिल्याच दिवशी डाव्या पायावर उभं केलं आणि डोळे मिटा म्हणाल्या. तीन सेकंदांत मी टेबलावर. उजव्यावर अर्धा मिनिट आरामात. त्या म्हणाल्या, लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी नुसती दोरी नसते, पाय कुठं वळलाय हे मेंदूला कळवायचं काम पण तीच करते, ती फाटली की बातमी उशिरा पोचते आणि तोवर पाय वळलेला असतो. दुखायचं थांबलं म्हणजे बातमी सुरू झाली असं नाही. म्हणून सहा-आठ आठवडे एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं, मग उड्या, मग वळणं, आणि खेळताना ब्रेस, म्हणजे घोट्याला आधाराचा पट्टा.

हे ऐकताना मला आठवली ती तालीम. दुखापत झालेल्या पोराला वस्ताद आधी नुसत्या बैठका मारायला लावायचे, मग हलका सराव, लढतीला कितीतरी दिवसांनी. पोरगं कितीही तडफडू दे, वस्ताद नाही म्हणाले की नाही. आणि आपल्या फुटबॉल टीमांच्या नावातच तालीम आहे की हो! पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. शाहू स्टेडियमवर त्यांच्यासाठी घसा फोडणारे आपण, पण पेठेतल्या पोराचा पाय गेला की विचारतो काय, तर शनिवारच्या मॅचला उभा राहतोय का. एमआरआयची मशीन आणली, वस्तादाचा नकार तेवढा तालमीतच सोडून आलो.

एक मात्र इथं नाही. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि मी पहिला आठवडा बुडावर बसून एकेक पायरी चढलोय. कोल्हापुरात चार पोरांनी उचलून नेला असता, आणि शेजारच्या मावशींचा पांढऱ्या रश्श्याचा डबा आला असता.

असो. भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. चार पावलं टाकून दाखवली त्यानं, हाडावर दाबून दुखत नव्हतं. आण्णांना कसंबसं थांबवलं, काकूंच्या लेपाला हरकत घेतली नाही, गार तर लागतोय. मग त्याला सांगितलं, सूज उतरली की रोज ब्रश करताना एका पायावर उभा राहायचं, सहा आठवडे. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मामा, ते करतो की. पण पुढच्या शनिवारी सेमी आहे, टेप मारून चालंल का?"