बीपी नॉर्मल असला तरी

लेखात 'रक्तदाब भडकलेला नसेल तर प्रेस नाही' असं म्हटलंय (प्रेस म्हणजे PRES, 'पोस्टिरिअर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपथी सिंड्रोम', मेंदूच्या मुख्यतः मागच्या भागाला सूज येण्याचा विकार), ते पटलं नाही. काहींचा रक्तदाब जेमतेम वाढलेला किंवा चक्क नॉर्मल असतो, विशेषतः टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना. माझ्या बहिणीचंच सांगते. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी डोकं ठणकत होतं, मग "अगं, मोबाईलवरची अक्षरंच दिसेनात" म्हणाली आणि तासाभरात फिट आली. सीटी स्कॅन साफ! एमआरआयच्या फ्लेअर चित्रांत (यांत सूज पांढरी उठून दिसते) मात्र मेंदूच्या मागच्या भागात दोन्हीकडे पांढरे ढग. डिफ्यूजनमध्ये, म्हणजे पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणाऱ्या एमआरआय चित्रांत, तिथे त्या हालचालीला अडथळा नव्हता, म्हणजे स्ट्रोक नव्हे, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून आलेली सूज. (आम्ही आधी चष्म्याचा नंबर वाढला म्हणत होतो!) आणि १९९६ साली नावात आलेला 'रिव्हर्सिबल' हा शब्द फसवा आहे, उपचार लांबले तर रक्तस्राव होऊन कायमचं नुकसानही होतं.