ओपनला काहीच मिळत नाही? कोण म्हणतं?

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी तोच मेसेज ग्रुपवर फिरतो: 'स्कॉलरशिप फक्त कास्टवाल्यांना. ओपनच्या पोरांनी फॉर्म भरू नये. नव्वद टक्क्यांच्या आत असाल तर विसराच. भरला तरी पैसे येत नाहीत.' मी कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसते. यावर विश्वास ठेवून फॉर्मच न भरलेली मुलं मुदत संपल्यावर समोर येऊन उभी राहतात, तेव्हा जीव तुटतो.

महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती खुल्या वर्गासाठीच आहे. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून असेल, तर इंजिनीअरिंगसारख्या अभ्यासक्रमाची निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर हा हक्क जातो. हे पालकांना प्रवेशाआधी कुणी सांगत नाही, याचा मला फार राग येतो. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना उत्पन्नाच्या याच मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे.

आणि 'कास्टवाल्यांना सगळं फुकट' हेही खोटं. अनुसूचित जातीच्या मुलाला निर्वाह भत्त्यासह शिष्यवृत्ती हवी, तर घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. तहसीलच्या दाखल्यासाठी तोही त्याच रांगेत उभा असतो.

नव्वद टक्क्यांची अट यांपैकी कशालाच नाही.

राहिला पैशांचा मुद्दा. हप्ते उशिरा येतात, हे खरं आहे आणि ते चूकच आहे. पण 'आलेच नाहीत' म्हणणाऱ्यांपैकी काहींचे आलेले असतात. पैसे फॉर्मसोबत जोडलेल्या पासबुकावरच्या खात्यात जात नाहीत. आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलंय तिथे जातात. मागे एक मुलगी कोरं पासबुक घेऊन रडवेली होऊन आली. शाळेत असताना काढलेलं झीरो बॅलन्सचं एखादं खातं आहे का, असं विचारलं. तिला आठवेना. आईला फोन लावला, तर ते पासबुक गावी ट्रंकेत. आधार त्याच खात्याला जोडलेलं निघालं. पुढच्या सोमवारी एन्ट्री मारून आणली. दोन्ही हप्ते तिथेच पडून होते.