दोन मार्कांचा डोंगर

स्कॉटलंडमध्ये डोंगर चढतात ते मार्कांसाठी. तीन हजार फुटांच्या, म्हणजे ९१४.४ मीटरच्या वर गेलेला स्वतंत्र डोंगर असला की तो ‘मन्रो’. सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी १८९१ साली अशा डोंगरांची यादी छापली आणि तेव्हापासून इथली चांगली चांगली माणसं ती संपवण्याच्या मागे लागली आहेत. सध्या यादीत २८२ नावं आहेत. ‘सध्या’ अशासाठी, की अधूनमधून फेरमोजणी होते. २००९ साली एक डोंगर जेमतेम मीटरभराने कमी भरला आणि चक्क नापास झाला. ज्यांनी भर पावसात तो सर केला होता, त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? खुद्द मन्रोसाहेबांचीही यादी पूर्ण झाली नाही. १९१९ साली ते गेले, तेव्हा थोडे डोंगर राहिलेच होते.

आमच्याकडे ही यादी फ्रिजच्या दारावर आहे. नवरा दर रविवारी रात्री तिच्यावर लाल पेनाने खुणा करतो. सासूबाई म्हणतात, शाळेत असताना प्रगतिपुस्तक दप्तरातून बाहेर काढायचा नाही, आता बघ!

मी या भानगडीत कधी पडले नव्हते. मी नाशिकची. ग्लासगोत कुणाच्याही घरी जेवायला बसलं आणि बेन नेव्हिसचा विषय निघाला, की मी आमटी वाढून घेता घेता सांगायचे, ब्रिटनमधलं सगळ्यांत उंच शिखर १३४५ मीटर, आमची कळसूबाई १६४६. शिवाय वाटेत लिंबू सरबत मिळतं. असंच एकदा बोलून झाल्यावर नवरा फार गोड आवाजात म्हणाला, “मग ऊनाख एगाख म्हणजे तुझ्या डाव्या हातचा मळ.”

हे प्रकरण ग्लेन को नावाच्या खोऱ्याच्या उत्तरेला आहे. एक लांबलचक, करवतीसारखी धार. ब्रिटिशांच्या मुख्य बेटावरची सगळ्यांत अरुंद धार हीच, असं म्हणतात. चढायचं एका टोकाने, उतरायचं दुसऱ्या टोकाने. मधल्या दोनेक किलोमीटरमध्ये कुठूनही खाली उतरायची सुरक्षित वाट नाही, असं प्रत्येक मार्गदर्शक पुस्तक बजावतं. नवऱ्याने मला हे वाक्य वाचून दाखवलं होतं. फक्त कुठे, तर चढून वर गेल्यावर.

सकाळी गाडीतून उतरलो तर वारा पडलेला आणि मिजेसचा थवा हजर. डोळ्याला नीट दिसतही नाहीत एवढ्याशा या माश्या, पण चावण्याचं खातं त्यांच्यातही माद्यांकडेच आहे आणि त्या ते मन लावून सांभाळतात. त्यांच्यामुळे पहिला चढ आम्ही विक्रमी वेळात चढलो. आठेकशे मीटर, सरळ अंगावर येणारे. वर अम बोदाख, ९४३ मीटर. मी धापा टाकत विचारलं, “झाला ना एक?”

“याला मार्क नाहीत.”

उंची आहे, पण स्वतंत्र अस्तित्व नाही म्हणे. शेजारच्या शिखराचा हा नुसता खांदा धरतात. एकत्र कुटुंबात धाकट्या सुनेचं जे होतं तेच.

पुढची वाट म्हणजे या खांद्याच्या पलीकडचा कडा. तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे करून उतरायचं. हरिहरवर पूर्वजांनी कातळात पायऱ्या कोरल्यात, हात घालायला खोबण्या ठेवल्यात. मुलंबाळं येणार, हे त्यांना ठाऊक होतं. इथे डोंगराला पायरी, शिडी, साखळी काही लावायची पद्धत नाही. खालून नवरा सांगत होता, “डावा पाय थोडा खाली, अजून थोडा, आहे तिथे दगड.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या शब्दावर एवढा भार मी कधी टाकला नव्हता.

खाली पोचून बघते तर मागे रांग. इंग्रज असोत की स्कॉटिश, रांग कड्यावरही लावतात. माझ्यामागे सत्तरीच्या एक आजीबाई होत्या, अर्धी चड्डी, पांढरे केस. मी दगडाला मिठी मारून उभी, तर त्या शेजारून जाताना “सॉरी” म्हणाल्या, हवा किती छान आहे ते म्हणाल्या, आणि बाजारात निघाल्यासारख्या पुढे गेल्या. दोन्ही हात मोकळे ठेवून!

म्यॉल जेराग, ९५३ मीटर, हा पहिला मार्क. यादी पूर्ण करणारा पहिला माणूस म्हणून ज्याचं नाव घेतात, तो पाद्री ए. ई. रॉबर्टसन १९०१ साली शेवटचा डोंगर म्हणून इथेच आला होता. त्याने आधी शिखरावरच्या दगडांच्या राशीचा मुका घेतला आणि मग बायकोचा, असं सांगतात. पुढे लोकांनी त्याचे पेपर पुन्हा तपासले. बेन वायविस त्याने पावसामुळे अर्ध्यावर सोडल्याची नोंद त्याच्याच डायरीत निघाली. आमच्याकडच्या गृहस्थांनी दगडांच्या राशीवर हात फिरवला, तिचे चार बाजूंनी फोटो काढले आणि बिस्किटं खाल्ली. बायकोचा नंबर लागला नाही.

त्यानंतरचे सुळके हा या धारेचा खरा जीव. त्यांना नावच ‘क्रेझी पिनॅकल्स’ असं आहे. एका बाजूला सरळ खाली दिसणारा रस्ता, त्यावर मुंगीएवढ्या गाड्या आणि वाऱ्याबरोबर मध्येच येणारा कुणाच्या तरी बॅगपाइपचा सूर. दुसऱ्या बाजूला बघायची गरज मला वाटली नाही. दोन्हीकडे एकेक पाय सोडून मी बसूनच सरकत होते. आजीने पाठ करून घेतलेलं स्तोत्र सुरू केलं. त्यात डोकं, कपाळ, डोळे अशी एकेका अवयवाची क्रमाने सोय लावलेली आहे. गुडघ्यांपर्यंत पोचायच्या आत पुढचा सुळका यायचा आणि पुन्हा डोक्यापासून सुरुवात. त्या दिवशी माझे गुडघे पूर्णपणे अनाथ होते.

“या भागाला किती मार्क?” मी बसल्या जागेवरून ओरडले.

“शून्य.”

स्टॉब कोरा ले, ९४० मीटर, तोही शून्य. मग एकदाचं स्गोर नम फियानी, ९६७ मीटर, दुसरा मार्क. इथे कुणीही टेबल-खुर्ची टाकून बसू शकेल. म्हणजे यांची परीक्षापद्धतीच अशी, की सोप्या प्रश्नाला गुण आणि जिथे घाम निघाला तो ऐच्छिक.

उताराबद्दल फार बोलत नाही. सरळ खाली हॉटेल दिसतं, म्हणून लोक त्याच्या रोखाने घळीच्या कडेने उतरतात आणि घसाऱ्यावर गोत्यात येतात. शहाण्यांनी लांबचा वळसा घ्यावा. आम्ही घेतला. गुडघ्यांनी वाटभर मला त्या स्तोत्राची आठवण करून दिली.

हॉटेलच्या दर्शनी भागात पाटी आहे, फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना प्रवेश नाही. १६९२ साली कॅम्पबेल घराण्यातल्या एका कॅप्टनची तुकडी इथल्या मॅक्डोनाल्डांकडे जवळपास पंधरवडा पाहुणचार झोडत राहिली आणि मग एका पहाटे यजमानांनाच कापून काढलं. माझा ना फेरीचा धंदा, ना माहेर कॅम्पबेलांचं. मी आत गेले आणि पहिल्या रिकाम्या खुर्चीत पडले. गाडी धारेच्या दुसऱ्या टोकाला, चढाच्या रस्त्यावर काही मैल मागे उभी होती, हे तेव्हा नवऱ्याच्या लक्षात आलं.

“तू बस, मी घेऊन येतो,” तो म्हणाला. दारापर्यंत गेला, तिथून परत वळला. चेहरा आनंदाने फुललेला.

“अगं, पण तुझेही दोन झाले की! आता फक्त दोनशे ऐंशी.”

मी सूप मागवलं. एकच.