‘मोदक’ फ्लेक्सवर का बुजतो?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ‘एक टाइप’ या फॉण्ट बनवणाऱ्या स्टुडिओच्या ‘मोदक’ फॉण्टचं मी लेखात भरभरून कौतुक केलं, पण सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या फ्लेक्सवर त्यातलं ‘श्री सिद्धेश्वर’ रस्त्यापलीकडून वाचता येत नाही, शब्दाचा नुसता गोळा दिसतो, शिवाय जोडाक्षरं मोडतात. गोळा होतो हे खरंच आहे. पण त्याचा दोष मी स्टुडिओला देणार नाही.

सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी मोदकमध्ये अक्षर इतकं फुगवलंय, की आतली पोकळी जवळजवळ संपते आणि उरते बारीकशी फट. वाचायचं ते त्या फटीच्या भरवशावर. ‘सिद्धेश्वर’मधला ‘द्ध’च घ्या. फट बुजली, की द कुठे संपला आणि ध कुठे सुरू झाला ते कळायला मार्गच नाही. देवनागरी ठळक करायची तर नुसती रेघ जाड करून भागत नाही, जोडाक्षरागणिक फट कुठून न्यायची ते ठरवावं लागतं. मला या कामाचं मोल वाटतं ते यासाठी.

आता फ्लेक्सवर काय होतं ते मोजून बघा. समजा, फट ३ मिलिमीटरची आहे. उठाव यावा म्हणून ऑपरेटर ४ मिलिमीटरची काळी आउटलाइन देतो. ती कडेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पडते, म्हणजे फटीच्या प्रत्येक काठावरून २ मिलिमीटर आत. दोन काठांचे झाले ४. फट संपली! त्यावर गडद सावली टाकली, की उरलासुरला उठावही जातो. आउटलाइन हवीच असेल, तर शब्दाच्या फक्त बाहेरच्या कडेचा वेगळा आकार काढा, तो फुगवा आणि फिक्या रंगात अक्षरांच्या मागे ठेवा. फटीतून तो फिका रंग दिसतो, अक्षर मोकळं राहतं.

मोदक मथळ्यापुरताच वापरायचा, हे मूळ लेखात ठळकपणे सांगायला हवं होतं, ते राहिलं. त्याला वजन, म्हणजे अक्षराच्या जाडीची पायरी, एकच आहे. वेळ, ठिकाण, शुभेच्छुकांची नावं यांना ‘एक टाइप’चाच ‘मुक्ता’ घ्या. त्यात ७ वजनं आहेत, आणि दोन्ही फॉण्ट फुकट मिळतात.

जोडाक्षरं मोडतात ती कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीमुळे. त्याला युनिकोड देवनागरीची जुळणी नीट जमत नाही : पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते, रफार भलतीकडे बसतो. मजकूर इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा, तिथेच अक्षरांचे पाथ, म्हणजे नुसते आकार, करा, पीडीएफ काढा आणि ती कोरलमध्ये आणा. पाथ केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे आधी वाचून घ्या.

‘येणार्या भाविकांचे स्वागत’ हा मात्र टायपिंगचा घोटाळा आहे. साधा र घेतला की त्याचा रफार होतो. ‘येणाऱ्या’साठी ऱ लागतो, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबा, मग हलन्त, मग य.

आणि पुढचा २० बाय १० फुटांचा बोर्ड छापायच्या आधी त्यातला एकच ‘द्ध’ खऱ्या मापात, आउटलाइनसकट, साध्या कागदांवर छापून भिंतीला चिकटवा आणि रस्ता ओलांडून पलीकडून बघा. तिथून फट दिसली, तर बोर्ड छापायला हरकत नाही.