भाडं माफ होईलही, पण चाचणीचं काय?

जपानमधल्या कीटाक्यूशूत राहतो, पण गावाकडच्या ग्रुपवरचे वाद चुकत नाहीत. सध्याचा वाद असा: कॉलेजच्या पोरांनी बनवलेले उपग्रह इस्रोने फुकट सोडावेत की पैसे घ्यावेत? सगळी भांडणं भाड्यावरून. वर जाण्याआधी तो डबा कुठे हलवून, तापवून, गोठवून पाहिला, हे कुणी विचारत नाही.

इथल्या क्यूशू तंत्रज्ञान संस्थेत २०१० पासून छोट्या उपग्रहांसाठी वेगळं चाचणी केंद्र आहे. साधारण ५० सेंटिमीटर, ५० किलोपर्यंतचेच उपग्रह घ्यायचे, हे आधीच ठरलेलं. त्यामुळे निर्वात टाकी (आतली हवा काढून अवकाशासारखी स्थिती तयार करणारी) लहान, खर्चही आटोक्यात. भूतान आणि नेपाळचे पहिले उपग्रह (२०१८ आणि २०१९) याच संस्थेच्या ‘बर्ड्स’ प्रकल्पातले.

या चाचण्यांत शिकण्यासारखं किती असतं बघा. कंपनाच्या मुख्य चाचणीआधी उपग्रह हलकेच हलवून त्याची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा आपसूक थरथरतो ते, मोजतात. चाचणी झाली की पुन्हा. आधीचा आणि नंतरचा आलेख जुळले नाहीत, तर आत कुठेतरी स्क्रू ढिला झालाय किंवा काहीतरी तडकलंय. मग उघडा, शोधा, पुन्हा बसवा. निर्वातात तर वेगळीच गंमत. चिपची उष्णता वाहून न्यायला हवाच नाही, त्यामुळे टेबलावर तासन्‌तास चाललेला ट्रान्समीटर टाकीत काही मिनिटांत तापतो. वर कक्षेत दीड तासाला एक फेरी, म्हणजे दिवसातून पंधरा-सोळा वेळा ऊन-सावली. या ताप-गारठ्यात सोल्डरचा (चिप आणि तारा जोडणाऱ्या धातूचा) कच्चा सांधा उघडा पडतो.

‘आपल्याकडे काहीच नाही’ हा सूरही मला पटत नाही. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचा ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ हे विद्यार्थ्यांचे उपग्रह २०१६ मध्येच गेले. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या वापरून झालेल्या चौथ्या टप्प्यावर प्रयोग बसवू देणारं ‘पोएम’ तर इथल्या पोरांना हेवा वाटावा असं. अहमदाबादला इन-स्पेसचं (खासगी अवकाश क्षेत्राला परवानगी आणि मदत देणाऱ्या सरकारी संस्थेचं) अशा चाचण्यांसाठी तांत्रिक केंद्रही आहे. पण एवढ्या मोठ्या देशाला ते कसं पुरणार?

ग्रुपवर एकाने तोडगा काढला: प्रत्येक कॉलेजला एकेक टाकी द्या. नको रे बाबा! पंपांची देखभाल, टाकी गोठवायला द्रव नायट्रोजन, सेन्सर अचूक मोजतात ना याची तपासणी (कॅलिब्रेशन) आणि ते रोज सांभाळणारा जाणता तंत्रज्ञ नसेल, तर टाकीचा उपयोग फक्त फीत कापण्यापुरता. त्यापेक्षा चार-पाच विद्यापीठांत मिळून एक केंद्र काढा. अर्धवट तयार झालेला नमुनाही तिथे कमी दरात तपासून मिळावा, आणि तो मोडला तर पुढच्या महिन्यात पुन्हा तारीख मिळावी. भाडेमाफीची मागणी करणाऱ्यांनी पुढच्या निवेदनात हे आधी लिहावं.