१९ डिसेंबरच्या नावावर खपवलेल्या गोष्टी

डिसेंबर लागला की गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर 'दिनविशेष : १९ डिसेंबर' हा मजकूर फिरायला लागतो. गटांवरून तो शाळेच्या फळ्यावर जातो, फळ्यावरून मुलांच्या भाषणांत आणि मुक्तिदिनाच्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनात. मजकूर थोडक्यात असा : संपूर्ण गोवा ४५१ वर्षं पोर्तुगीजांच्या गुलामगिरीत होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेनेनं तो एका दिवसात, रक्ताचा थेंबही न सांडता मुक्त केला. तेव्हा सगळं जग भारताच्या विरोधात होतं. सर्व राजबंदी त्याच दिवशी सुटले. गोवा भारताचं पंचविसावं राज्य झालं आणि दोन वर्षांनी याच तारखेला भाऊसाहेब बांदोडकरांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. शिवाय १९२७ साली याच दिवशी काकोरीच्या चारही क्रांतिकारकांना गोरखपूरला फाशी झाली. शेवटी 'आजचे जन्म' म्हणून प्रतिभा पाटील आणि रिकी पाँटिंग.

मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. पण या एका तारखेच्या नावावर इतर तारखांची आणि इतर माणसांची कमाई जमा केली जाते, आणि ज्यांचं ते श्रेय आहे ते गोव्याच्याच मुलांच्या स्मरणातून पुसले जातात. म्हणून एकेक विधान घेतो.

'संपूर्ण गोवा ४५१ वर्षं.' १९६१ मधून १५१० वजा केले की ४५१ उरतात, हिशेब बरोबर आहे. मात्र तो तिसवाडीचा हिशेब आहे. आफोन्सो द आल्बुकर्कनं १५१० च्या सुरुवातीला आदिलशहाकडून गोवा शहर घेतलं, काही महिन्यांतच ते त्याच्या हातून गेलं आणि २५ नोव्हेंबरला त्यानं ते पुन्हा जिंकलं. त्याच्या हाती आलं ते शहर, तिसवाडीचं बेट आणि लगतची लहान बेटं. बारदेश आणि सासष्टी पोर्तुगीजांकडे गेले १५४३ मध्ये. या झाल्या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. नव्या काबिजादी, म्हणजे क्षेत्रफळानं गोव्याचा मोठा भाग, त्यांना मिळाला त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. फोंड्यापासून काणकोणापर्यंतचा सौंदेकर राजांचा मुलूख १७६३-६४ च्या सुमारास, डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास, आणि आमचं पेडणं सावंतवाडीकरांकडून १७८८ मध्ये. पेडण्यात पोर्तुगीज अंमल १७३ वर्षांचा. तो सुरू झाला त्यानंतर तीसच वर्षांनी, १८१८ मध्ये, पुण्याची पेशवाई बुडाली. म्हणजे पेडणेकरांची गुलामी आणि पुणेकरांची गुलामी जवळजवळ एकाच काळातली आहे.

कागदपत्रं बाजूला ठेवा. साधा प्रश्न असा की सगळा गोवा पोर्तुगीजांच्या हाती असता, तर मंगेश प्रियोळला कसा आला असता? सासष्टीत देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा कुशस्थळीच्या महाजनांनी १५६० मध्ये मंगेशाचं लिंग रातोरात नदी पार करून फोंडा महालात नेलं, कारण नदीपलीकडे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, तीही याच कारणानं. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराला डिचोलीतल्या नार्व्यात आसरा मिळाला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. महाराज पोर्तुगीजांच्या मुलखात जाऊन देऊळ बांधत नव्हते. ती भूमी पोर्तुगीजांची नव्हतीच. फोंडा महालातल्या देवळांत आज लाखो माणसं येतात. ती देवळं तिथंच का आहेत हे ज्याला कळलं, त्याला 'संपूर्ण गोवा ४५१ वर्षं' हे वाक्य लिहिता येणार नाही.

याच वाक्यातला 'गुलामगिरी' हा शब्दही मला खटकतो, कारण सबंध गोवा मान खाली घालून बसला होता असं त्यातून वाटतं. कुंकळ्ळीकरांनी १५८३ मध्ये शस्त्र उचललं. सत्तरीच्या राणे मंडळींनी एकोणिसाव्या शतकात बंडामागून बंड केलं. १८५२ चं दीपाजी राणे यांचं बंड तर १८५७ च्याही आधीचं आहे.

'एका दिवसात, रक्ताचा थेंब न सांडता.' या विधानानं मला सर्वांत जास्त दुःख होतं. सैन्याची कारवाई १७-१८ डिसेंबरच्या रात्री सुरू झाली आणि १९ तारखेला रात्री साडेआठच्या सुमारास गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी शरणपत्रावर सही केली. साधारण दीड दिवसाची ही कारवाई. एवढ्यात ती संपली याचं श्रेय जसं आपल्या सैन्याचं, तसं काही अंशी त्या गव्हर्नरचंही आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं १४ डिसेंबरला त्यांना कळवलं होतं की शरणागती नाही, सैनिक एक तर जिंकलेले दिसावेत नाही तर मेलेले. त्यांनी तो हुकूम मानला नाही. पुढे मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आलं, आणि पोर्तुगालात हुकूमशाही कोसळल्यावर १९७४ मध्ये त्यांचा हुद्दा परत मिळाला. गोव्यातली किती गावं, पूल आणि चर्च त्या एका अवज्ञेमुळे वाचली, हे मुलांना सांगायला हवं.

पण रक्त सांडलं. अंजदीव बेटावर नौदलाचे सात जण गेले. आग्वादच्या किल्ल्यात राजबंद्यांना सोडवायला गेलेले सातव्या कॅव्हलरीचे दोन अधिकारी तिथं मारले गेले. एकूण २२ भारतीय या कारवाईत गेल्याचं मानलं जातं आणि पोर्तुगीज बाजूचे सुमारे ३०. मुरगावच्या बंदरात 'आफोन्सो द आल्बुकर्क' ही युद्धनौका आपल्या नौकांशी झुंजली, तिच्यावरचा बिनतारी संदेशवाहक ठार झाला. शत्रूचा असला तरी तोही कुणाचा तरी मुलगा होता. 'रक्ताचा थेंब न सांडता' असं लिहिताना या सगळ्यांना आपण पुसून टाकतो.

आणि 'एका दिवसात' म्हणताना मागची पंधरा वर्षं पुसतो. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी भर पावसात सभा घेतली आणि सभांवरची बंदी मोडली. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना त्याच वर्षी लष्करी न्यायालयानं शिक्षा ठोठावून पोर्तुगालला पाठवलं. ते तिथून निसटले, मुंबईत लढत राहिले आणि १९५८ मध्ये वारले. मुक्त गोवा त्यांना दिसला नाही. फेब्रुवारी १९५५ मध्ये अस्नोड्याचे बाळा राया मापारी पोलिसांच्या छळात गेले. १५ ऑगस्ट १९५५ ला आमच्या पत्रादेवीच्या सीमेवर देशभरातून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पंजाबातल्या इसरू गावचे कर्नैलसिंग तिथं पडले, मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय यांनी हातात तिरंगा धरून गोळ्या झेलल्या. पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक महामार्गाला लागूनच आहे. बांद्याकडून गोव्यात शिरणारी हजारो वाहनं रोज त्याच्यासमोरून जातात. मजकूर पाठवणाऱ्यानं एकदा तिथं थांबून नावं वाचावीत, एवढीच माझी विनंती.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई हे दोघं सीमेपलीकडच्या रानात राहून गुप्त रेडिओ चालवत होते, तो थेट डिसेंबर १९६१ पर्यंत. मुक्ती झाल्यावर लिबियाबाईंनीच विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी गोव्याच्या आकाशातून दिली. दिनविशेषात घालायचाच तर १९ डिसेंबरचा हा प्रसंग घाला. खरा आहे, त्याच दिवसाचा आहे, आणि एका गोमंतकीय स्त्रीचा आहे.

'सगळं जग विरोधात होतं.' अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स विरोधात होते, तुर्कस्तानही. सुरक्षा परिषदेत त्यांनी भारताविरुद्ध आणलेला ठराव सोव्हिएत संघानं नकाराधिकार वापरून पाडला. ठरावाविरुद्ध मत देणाऱ्यांत सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त) हेही होते. नुकतीच गुलामीतून सुटलेली किंवा ती जवळून पाहिलेली राष्ट्रं आपल्या बाजूनं उभी राहिली, हे विसरणं कृतघ्नपणाचं होईल. सोव्हिएत संघाचे राष्ट्रप्रमुख लिओनिद ब्रेझनेव्ह त्या दिवसांत भारताच्याच दौऱ्यावर होते आणि १९ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस. 'आजचे जन्म' या यादीत गोव्याशी खरोखर धागा जुळणारं हे एकच नाव, आणि नेमकं तेच मजकुरात नाही.

'सर्व राजबंदी त्याच दिवशी सुटले.' आग्वादमधले सुटले. पोर्तुगालमधले सुटले नाहीत. मोहन रानडे हे मूळचे सांगलीचे. फोंडा महालात ते मराठीचे शिक्षक म्हणून राहिले, आझाद गोमंतक दलात लढले आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालच्या तुरुंगात रवानगी झाली. पणजीच्या सचिवालयावर तिरंगा चढला तेव्हा ते कोठडीत होते. गोव्यात निवडणुका झाल्या, मंत्रिमंडळ आलं, जनमत कौल झाला, तरीही ते कोठडीतच होते. सुटले जानेवारी १९६९ मध्ये, मुक्तीनंतर सात वर्षांहून अधिक काळानं. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात जी खटपट झाली तिच्यात सुधीर फडके पुढे होते. गोव्याचे कवी आणि पत्रकार तेलो द माश्कारेन्यश तर त्याच्याही नंतर, १९७० मध्ये सुटले.

ज्या माणसाच्या आयुष्यातली तेरा वर्षं तुरुंगात गेली, त्याच्याबद्दल 'त्याच दिवशी सुटले' असं मराठी माणसानंच मराठी मुलांना सांगावं, हे मला सहन होत नाही. रानडे २०१९ पर्यंत हयात होते. हा इतिहास फार जुना नाही, कुणालाही विचारून घेता आला असता.

उलट बाजूही लक्षात ठेवू. पकडलेले तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिकही लगेच घरी गेले नाहीत, मे १९६२ पर्यंत ते इथल्या छावण्यांत होते.

'पंचविसावं राज्य' आणि 'शपथ' या दोन्ही तारखा चुकल्या आहेत. १९६१ नंतर गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर मतदान झालं. 'फूल' ही निशाणी विलीनीकरणाची, 'दोन पानं' वेगळं राहण्याची. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी दोन पानं जिंकली. राज्याचा दर्जा मिळाला ३० मे १९८७ ला. या तिन्ही टप्प्यांत सव्वीस वर्षांचं राजकारण आहे, गोव्यातल्या मराठी घरांमधले कडाक्याचे वाद आहेत. ते एका ओळीत गुंडाळून १९ डिसेंबरला चिकटवणं म्हणजे त्या पिढीनं मतपेटीत जे ठरवलं ते नाकारणं. भाऊसाहेबांची शपथ २० डिसेंबर १९६३ ची आहे. एका दिवसाचाच फरक, पण तारखेचाच मजकूर असेल तर तारीख बरोबर हवी.

काकोरीचं विधान अर्धं खरं. १९ डिसेंबर १९२७ ला रामप्रसाद बिस्मिल यांना गोरखपूरला, अश्फाकउल्ला खान यांना फैजाबादला आणि रोशनसिंग यांना अलाहाबादच्या नैनी तुरुंगात फाशी झाली. चौथे राजेंद्र लाहिरी दोन दिवस आधीच, १७ डिसेंबरला, गोंड्यात फासावर गेले होते. तीन गावं, तीन तुरुंग, आणि लाहिरींचा दिवस वेगळा. लाहिरींची आठवण १७ तारखेलाच व्हायला हवी.

राहिले 'आजचे जन्म'. प्रतिभा पाटील १९३४ च्या, जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या; पाँटिंग १९७४ चा, टास्मानियाचा. दोन्ही तारखा बरोबर आहेत. मात्र गोव्यात १९ डिसेंबर आणि जन्म हे दोन शब्द एकत्र आले की घरोघर वेगळाच विषय निघतो, आणि मजकुरात त्याचा मागमूस नाही. पोर्तुगालच्या लेखी, गोव्यात मुक्तीपूर्वी जन्मलेली माणसं पोर्तुगीज भूमीवर जन्मलेली आहेत. ती आणि त्यांच्यामागून त्यांची मुलं-नातवंडं लिस्बनला जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व मागू शकतात. म्हणूनच आजही कितीतरी गोमंतकीय आजोबांच्या जन्माचा उतारा काढायला नोंदणी कार्यालयात रांग लावतात. आपल्या कायद्यात ही रेषा एक दिवस पुढे आहे. घटनेच्या बाराव्या दुरुस्तीनं गोवा भारतात सामील धरला तो २० डिसेंबर १९६१ पासून, आणि १९६२ च्या नागरिकत्व आदेशानंही त्या दिवसाआधी इथं जन्मलेल्यांना त्या दिवसापासून भारतीय मानलं. पोर्तुगालनं मात्र भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारानं. त्यावर आपल्या बाजूनं सही होती परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची.