अकरा महिन्यांचा करार

कालपासून डोकं फिरलंय. पुणे-नाशिक एसटी, खिडकीची सीट, हातात एलिझाबेथ हँडची 'अ हाँटिंग ऑन द हिल', साठेक पानं उरलेली. शर्ली जॅक्सनची १९५९ ची 'द हाँटिंग ऑफ हिल हाऊस' मी तीनदा वाचलीय, त्यामुळे २०२३ ला त्याच भुताच्या घरात, हिल हाऊसमध्ये, ही हँड नवी कादंबरी घेऊन घुसतेय कळल्यावर मी नाक मुरडलं होतं. जॅक्सनच्या घरच्यांची परवानगी आहे म्हणे, ती स्वतः १९६५ लाच गेली, तिला कोण विचारणार. पण पुस्तकाने धरलं बुवा मला.

तर राजगुरुनगरला शेजारी एक काका बसले.

"काय वाचताय?"

"भुताच्या घराची गोष्ट." इथेच गप्प बसायचं ना! पण विचारलं की मला राहवत नाही. सांगितलं, हॉली म्हणून नाटककार आहे, नाटकाच्या तालमीसाठी ते जुनं घर भाड्याने घेते.

"डिपॉझिट किती?"

म्हटलं माहीत नाही, पण पहिल्या कादंबरीतपण डॉक्टर मोंटेग्यूने ते तीन महिन्यांसाठी भाड्यानेच घेतलेलं.

"तीन महिने? अकरा महिन्यांचा करार नाही? मग कसलं भूत, मालकच लबाड."

दारं आपोआप मिटतात, मी म्हटलं, कारण त्या घराचा एकही कोपरा काटकोनात नाही. मला वाटलं आता तरी अंगावर काटा येईल. काका म्हणाले, "बिल्डर. आमच्या बाथरूमचं सेम आहे." स्वयंपाकाची बाई अंधार पडायच्या आत निघून जाते, यावर, "आमची चारलाच जाते." आणि मग मेव्हण्याच्या नारायणगावच्या घराची कथा सुरू झाली, तिथे भूत नाही पण भाडेकरू आहे, बारा वर्षं हलत नाही, कोर्टात तारखा चालूयत, वकिलाने आतापर्यंत एका खोलीची किंमत खाल्ली, "त्यापेक्षा भूत परवडलं हो, लाईट बिल तरी येत नाही." मागच्या सीटवरचे दोघं खो खो हसले. खरं सांगायचं तर मीपण हसलो, त्याचाच जास्त राग येतोय.

मागे एक पोरगा फुल्ल आवाजात रील बघत होता, त्याला कुणी विचारलं का काय बघतोस? नाही. पुस्तक उघडलं की मात्र माणूस रिकामाच बसलाय असं सगळ्यांना वाटतं. घरीपण तेच. वाचत असलो की गॅस बंद करायला मलाच उठवतात.

मग काकांनी "बघू" म्हणून पुस्तक सरळ हातातून घेतलं, शेवटचं पान काढलं आणि मोठ्याने वाचून वर मराठीत अर्थपण सांगितला. कोणाचं काय झालं ते मी लिहीत नाही, माझं झालं ते तुमचं नको.

संगमनेरला उतरताना पुस्तक परत दिलं. खुणेला ठेवलेलं तिकीट काढून शेवटच्या पानात घातलेलं. म्हणाले, "सोपं पडेल."